जगात जर्मनी, घरात परभणी!

परभणीचा माणूस कुठेही भेटू द्या, हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये नाहीतर हैदराबादच्या हायटेक सिटीत. दहा मिनिटांत तो एक वाक्य टाकणारच : ‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ कारण विचारायचं नाही. यमक जुळलंय, छाती फुगलीय, विषय संपला. आणि कुणी फारच ताणलं, तर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हा दुसरा डायलॉग तयारच असतो.

पण गाण्यांच्या बाबतीत ही म्हण निदान अर्धी तरी शंभर टक्के खरी आहे. बघा ना. गोल तबकडीचा ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर जन्माने हॅनोव्हरचा. टेपरेकॉर्डरची चुंबकी फीत आणि तो वाजवणारं मॅग्नेटोफोन हे यंत्र 1935 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आलं. आपली लाडकी कॅसेट फिलिप्स या डच कंपनीची, पण जगाने ती पहिल्यांदा पाहिली 1963 मध्ये, पुन्हा बर्लिनमध्येच. बाजारात आलेल्या पहिल्या सीडी छापल्या गेल्या 1982 मध्ये, हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेनच्या कारखान्यात. आणि ज्या एमपीथ्रीने आपलं अख्खं कॉलेज लाइफ व्यापलं, तिच्यामागे सर्वात मोठा वाटा एर्लांगेनच्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटचा. ‘एमपीथ्री’ हे फाइलचं आडनाव नक्की झालं जुलै 1995 मध्ये.

म्हणजे जर्मनीने आपलं काम चोख केलं. प्रश्न आहे परभणीचा! तिथल्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत चाळीसेक कॅसेट्स. काही विकतच्या, तर काहींवर निळ्या पेनने नुसतं ‘ताईचं लग्न’ किंवा ‘भजन, एकादशी’ एवढंच लिहिलेलं. खालच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली, तुमच्या इंजिनिअरिंगच्या वेळी घेतलेला डेस्कटॉप. आणि तुम्ही? तुम्ही पुण्यात, महिन्याचं भाडं भरून मोबाइलवर गाणी ऐकताय.

या तिघांची गाठ घालून द्यायची, हा आजचा फंडा. घरच्या कॉम्प्युटरचा म्युझिक सर्व्हर करायचा. आणि तोही कामचलाऊ नाही, एकदम हाय-क्वालिटी.

भाड्याची गाणी

‘पण अॅपवर सगळंच मिळतं ना यार!’ हा पहिला आक्षेप. मिळतं, कबूल. पण ते तुमचं नसतं. रेसो नावाचं अॅप भारतात जानेवारी 2024 अखेर बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळायचं जाहीर केलं. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं प्लेलिस्ट रचल्या, हे गाणं पावसासाठी, ते रात्रीच्या ड्राइव्हसाठी, त्यांना नव्याने संसार मांडावा लागला. भाड्याच्या घराचं असंच असतं. भिंतीला खिळा ठोकायचा, तरी मालकाची परवानगी!

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जे कुणाच्याच अॅपवर नाही, त्याचं काय? भुलाबाईची गाणी म्हणणारी मावशी, उरुसात कुणीतरी टेपवर उतरवून आणलेली कव्वाली, गंगाखेडच्या दिंडीतली जनाबाईंची पदं, आजोबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून पकडलेली आकाशवाणीची रात्रीची सभा. हे सगळं कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. ते फक्त त्या पत्र्याच्या पेटीत आहे.

सर्व्हर म्हणजे काय रे भाऊ?

‘सर्व्हर’ म्हटलं की डोळ्यांसमोर निळे दिवे चमकणारी थंडगार खोली येते. तसलं काही नाही. सर्व्हर म्हणजे वाढपी! पंगतीत एकाच मोठ्या पातेल्यातून सगळ्यांच्या पानात वाढलं जातं, तसं एका कॉम्प्युटरवर सगळी गाणी ठेवायची आणि घरच्या वायफायवरून ती हॉलमधल्या स्पीकरवर, स्वयंपाकघरातल्या मोबाइलवर, तुमच्या लॅपटॉपवर वाढायची. पातेलं एक, पानं अनेक.

त्यासाठी नवा कॉम्प्युटर अजिबात लागत नाही. गाणं वाढणं हे कॉम्प्युटरसाठी डुलकी घेत करण्याइतकं हलकं काम आहे. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि लाखो धडधाकट पीसी एका रात्रीत ‘जुने’ ठरले, कारण विंडोज 11 त्यांना दारातच उभं करत नाही. अशा पीसीवर लिनक्स टाका, तो आणखी काही वर्षं मजेत काम करेल.

सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या एकाची गोष्ट सांगण्यासारखी. स्लिम डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने 2001 मध्ये घरातल्या कॉम्प्युटरवरची गाणी स्टीरिओवर वाजवणारं एक छोटं यंत्र आणलं. पुढे त्याचं नाव झालं स्क्वीझबॉक्स. लॉजिटेकने 2006 मध्ये कंपनी विकत घेतली आणि 2012 मध्ये ही यंत्रं बंद करून टाकली. एरवी इथेच ‘द एंड’ झाला असता. पण त्यामागचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं होतं. जगभरच्या हौशी मंडळींनी ते जिवंत ठेवलं, आणि 2024 पासून ते ‘लिरिऑन म्युझिक सर्व्हर’ या नावाने मिळतं. कंपनी गेली, गाणी राहिली. घरच्या सर्व्हरचा सगळा मुद्दा या एका गोष्टीत आला.

क्वालिटीचा फंडा

आता मुद्द्याची गोष्ट. ‘हाय-क्वालिटी’ म्हटलं की आपण लगेच महागडी केबल बघायला लागतो. थांबा! आवाजाचा दर्जा तीन ठिकाणी ठरतो : गाणं उतरवताना, साठवताना आणि वाजवताना. आणि यातली पहिली पायरी घसरली, की पुढे कितीही पैसे ओता, उपयोग शून्य.

सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केलात तर सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट. माणसाचा कान, तोही तरुण आणि धडधाकट, जास्तीत जास्त 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. सीडी 22 हजारांपर्यंत जाते. म्हणजे ऐकण्यासाठी ती पुरेशी आहे. कॉलेजच्या दिवसांत पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरलेली 128 केबीपीएसची एमपीथ्री आठवते? तिच्यात याचा फक्त अकरावा हिस्सा उरलेला असतो. बाकीचे दहा हिस्से ‘कानाला कळणार नाही’ असं म्हणून काढून टाकलेले. ट्रॅफिकमध्ये, बसमध्ये खरंच कळत नाही. पण शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर, तानपुऱ्याचा नाद विरताना किंवा झांजेचा शेवट होताना कळतं, की काहीतरी कापलं गेलंय.

इलाज : फ्लॅक. 2001 पासून असलेला हा फॉरमॅट फुकट आणि खुला आहे. तो गाणं दाबून लहान करतो, पण एक कणही फेकत नाही. कपड्यांची घडी घालून बॅग भरावी तसं. बाहेर काढले की सगळे कपडे जागच्या जागी. एक तासाची सीडी साधारण 635 एमबीची. फ्लॅकमध्ये ती 350 ते 400 एमबीत मावते. म्हणजे एका टेराबाइटच्या हार्डडिस्कवर अडीच हजारांच्या आसपास सीडी! तेवढ्या सीडी आपल्याकडे असण्याचं काही कारण नाही, त्यामुळे जागेची काळजी सोडा.

एक भाबडी आशा मात्र आत्ताच मोडून टाकूया. जुन्या एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदलल्या की आवाज सुधारेल, हे होत नाही. चिपाडांचा पुन्हा ऊस होत नसतो. फाइल मोठी होईल, गाणं तेवढंच राहील.

सीडी सोपी, कॅसेट खडूस

सीडी उतरवणं सोपं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं 1998 पासूनचं सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतं, आणि तुमची कॉपी जगातल्या इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी जुळते का, हेही तपासता येतं. ओरखडा असेल तर ते स्पष्ट सांगतं. स्वतःच्या सीडीची स्वतःच्या वापरासाठी कॉपी करायला आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या खासगी वापराच्या तरतुदीत जागा आहे. ती कॉपी नेटवर वाटत सुटायला नाही. एवढं भान ठेवा.

कॅसेट मात्र खडूस. तिथे शॉर्टकट नाही. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या आपल्याच चालीने चालणार. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागणार. चाळीस कॅसेट्स म्हणजे चाळीस तास. घाबरू नका, तेवढा वेळ तर आपण एका वेब सीरिजला सहज देतो!

पहिलं काम : कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या छोट्या खुंट्या असतात, त्या मोडा. म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी आजीच्या ओव्यांवर तुमचं ‘हॅलो हॅलो’ रेकॉर्ड होणार नाही. मग कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टेपरेकॉर्डरचं हेड आणि रबरी चाक पुसा. बोळा काळा-तपकिरी निघतो, तो पंचवीस वर्षांचा मळ. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे सैल पडलेली फीत सारखी बसेल. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा. एक बुरशीवाली कॅसेट हेडमार्फत बाकीच्यांनाही प्रसाद देते.

जोडणी लाइन-आउटमधून करायची. तो नसेल तर हेडफोनच्या सॉकेटमधून. ती कॉम्प्युटरच्या लाइन-इनला द्या. बऱ्याच लॅपटॉपना फक्त माइकचं भोक असतं आणि त्यातून आवाज फाटका आणि एकाच चॅनेलचा येतो, म्हणून एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतलेला बरा. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट. सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. आता तुम्ही म्हणाल, ऐकायला 16 बिट पुरतात, मग इथे 24 का? कारण उतरवताना आवाज किती चढेल हे आधी माहीत नसतं. 24 बिटांत तुम्ही लेव्हल थोडी खाली ठेवू शकता, सर्वात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आत, आणि तरी बारीक तपशील हरवत नाही. एका तासाच्या कॅसेटची फाइल एक जीबीच्या आसपास होते. चाळिसांची मिळून चाळीस जीबी. काहीच नाही!

आणि प्लीज, लगेच ‘नॉइज रिमूव्हल’चं बटण दाबू नका. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. साफसफाई करायची तर तिच्या कॉपीवर. त्या खरखरीतच मागच्या अंगणातला हातपंप आहे, कुणीतरी ‘चहा ठेवलाय गं’ म्हणतंय. सॉफ्टवेअरला ती घाण वाटते. तुम्हाला दहा वर्षांनी तेच सोनं वाटेल.

वाजवायचं कसं?

आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. तो प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतोच, पण मदरबोर्डवरच्या विजेच्या कलकलाटात बसलेला असतो. रात्री हेडफोन लावलात आणि माउस हलवताना बारीक चिरचिर ऐकू आली, तर समजा की हीच भानगड. बाहेरून लावायचा साधा यूएसबी डॅक काही हजारांत मिळतो आणि बहुतेक घरांसाठी तेवढा पुरतो. उरलेलं बजेट स्पीकरवर खर्च करा. कानाला जाणवणारा खरा फरक तिथे पडतो, केबलच्या सोनेरी टोकात नाही.

विंडोजवर आणखी एक गंमत असते. सिस्टीम सगळे आवाज, गाणं, मेलची टिंग, चॅटची पॉप, एकाच भांड्यात ढवळते, आणि त्यासाठी गाण्याचे नमुने बदलूही शकते. फूबार 2000 सारख्या प्लेअरमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ निवडला, की गाणं मधल्या ढवळाढवळीशिवाय थेट डॅकपर्यंत जातं. दोन मिनिटांचं सेटिंग, शून्य रुपये.

पंखे घरघर करणारा पीसी दिवाणखान्यात ठेवायचा नाही. सर्व्हर आतल्या खोलीत, आवाज बाहेरच्या खोलीत, हाच तर सर्व्हरचा फायदा! विजेचा हिशोबही करून ठेवा. जुना डेस्कटॉप 70 वॉट घेत असेल, तर चोवीस तासांत पावणेदोन युनिटच्या आसपास जातात. त्याऐवजी 2012 मध्ये आलेल्या रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर पाचेक वॉटमध्ये तेच काम करतो, म्हणजे दिवसाला युनिटचा आठवा भाग. कॅसेट उतरवायला डेस्कटॉप, रोज वाढायला पाय, अशी वाटणी झकास जमते.

आणि परभणीचा उन्हाळा! मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हार्डडिस्क ठेवू नका, ती भाजून निघेल. लाइट गेली की चालू डिस्कला धक्का बसतो, त्यामुळे छोटा यूपीएस हवाच. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर सर्व्हर त्याच्या लाइनवर घ्या. आई म्हणेल, ‘काय करायलास रे, फ्रीज सोडून ह्याला लाइट?’ तिला तिच्या माहेरच्या कॅसेटमधलं एक गाणं लावून दाखवा. परवानगी मिळेल.

ताडकळसचा आवाज

इथपर्यंत सगळं यंत्राचं झालं. आता आवाज खरंच कशामुळे टिकतो, ते बघू. त्यासाठी परभणी जिल्ह्यातच, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला जाऊ.

पुण्यात राहणारे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोन अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली होती. गावोगाव विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि त्याबरोबर ओव्याही. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांमधल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांचा कॉम्प्युटरवर डेटाबेस उभा केला आणि शेकडो ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. 1996 मध्ये ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज असाच रेकॉर्ड झाला. सीतेच्या वनवासाच्या ओव्या. अरण्यात एकटी पडलेली सीता, आणि तिचं रडणं ऐकायला बोरी-बाभळी. परभणीच्या माळावर दुसरं आहे काय? ओवी गाणारीने सीतेला आपल्याच रानात आणून बसवलं.

पॉइटवाँ आणि राईरकर दोघंही आता नाहीत. पण 2017 पासून हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने लोकांसमोर आणायला सुरुवात केली आणि ताडकळसचा तो आवाज आज कुणालाही ऐकता येतो. का टिकला तो? मशीन भारी होतं म्हणून? मशीनचा वाटा आहेच. पण खरं कारण साधं आहे. कुणीतरी प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव लिहिलं. गाव लिहिलं, तालुका लिहिला, विषय लिहिला. नाव नसतं, तर लाखभर ओव्यांच्या ढिगात तो एक अनोळखी बाईचा आवाज झाला असता.

आता आपल्या पेटीकडे बघा. ‘भजन, एकादशी’. कुठली एकादशी? कोण गातंय? मृदंगावर कोण? तुम्हाला माहीत नाही. आईला अर्धं माहीत असेल. आजीला सगळं माहीत आहे. कॅसेट कोरड्या जागी ठेवली तर आणखी दहा वर्षंही निघतील तिची. आजीची?

टॅग म्हणजे नुसती शोभा नव्हे

म्हणून सर्व्हरमधली सर्वात महाग वस्तू डॅक नाही, स्पीकर नाही. टॅग आहे! फाइलच्या पोटात लिहिलेली माहिती. कलाकार, अल्बम, वर्ष या तीन रकान्यांवर थांबू नका. फ्लॅकमध्ये स्वतःचे रकाने बनवता येतात : राग, ताल, गाव, प्रसंग, कुणी रेकॉर्ड केलं, आवाज कुणी ओळखला. शक्यतो देवनागरीत लिहा, बहुतेक सगळे प्लेअर ती नीट दाखवतात. फक्त एकच पद्धत धरा. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘जोशी भीमसेन’ असे तीन लिहिलेत, तर कॉम्प्युटरच्या लेखी ते तीन वेगळे गायक! ‘गीतरामायण’ 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर आलं, त्यात 56 गीतं आहेत. ती क्रमाने वाजायला हवी असतील तर क्रमांक 01, 02 असे द्या. नाहीतर काही ठिकाणी 1 नंतर थेट 10 वाजेल आणि गोष्टीत पात्रं वेळेआधीच वनात जातील.

घरच्या कॅसेट्ससाठी एक सोपी युक्ती. कॅसेट उतरत असताना शेजारी बसा. चहा घ्या. मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून समोर ठेवा आणि आजीला नुसतं विचारा, ‘आजी, हे कोण गं?’ ती सांगेल, ‘ही तुझी मोठी आत्या. तवा तिचं लगीन ठरलं नव्हतं.’ मग आत्याची गोष्ट, मग त्या वर्षीच्या दुष्काळाची, मग जात्याची. ती फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कॅसेट साठ मिनिटांची, ही बहुतेक नव्वदची निघेल.

दोन गावं, तीन कॉप्या

शेवटचा नियम, आणि यात सवलत नाही. तीन कॉप्या, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. हार्डडिस्क बंद पडते का, हा प्रश्नच नाही, कधी पडते एवढाच. एका डब्यात दोन डिस्क लावून आरशासारख्या चालवल्या, तरी तो बॅकअप नव्हे. चोर डबाच उचलून नेतो, आणि चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

आपल्यासारख्यांना तर हे अगदी सोयीचं. एक कॉपी परभणीच्या सर्व्हरवर, दुसरी तिथेच कपाटात वेगळ्या पोर्टेबल डिस्कवर, तिसरी तुमच्याबरोबर पुण्याला. दर दिवाळीला ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये चिवडा-चकलीच्या डब्याशेजारी ती डिस्क येईल-जाईल आणि अपडेट होईल. पुण्याच्या फ्लॅटवरही एक छोटा पाय लावलात, की तुमच्या स्पीकरवरही तेच पातेलं, तीच वाढणी.

तर मग या वीकेंडला काय करायचं? सीडींची घाई नाही, त्या थांबतील. सिनेमाची गाणी तर कुठेही मिळतील. घरी फोन लावा आणि माळ्यावरची पेटी खाली काढायला सांगा. लिखाण नसलेल्या, नाहीतर निळ्या पेनने अर्धवट लिहिलेल्या कॅसेट्स आधी वेगळ्या काढा. दोन दिवसांची रजा टाका, सोबत एक यूएसबी इंटरफेस आणि कापसाचे बोळे घ्या. मेडिकलवाल्याने ‘आयसोप्रोपिल कशाला?’ असं विचारलं, तर बिनधास्त सांगा, ‘आत्याचा आवाज धुवायचाय!’